डावा खांदा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रोज लिहायचं, असं फर्मान निघालं आहे. पाण्यातले उपचार करणाऱ्या बाईंनी एक छापील तक्ता दिला: ठकी किती तास झोपली, काय खाल्लं, किती वेळा चावली, किती वेळा डोक्यावर मारून घेतलं. तो तक्ता बाईंचा. ही वही माझी. कंपनी आम्हाला दरवर्षी लिफ्ट-दुरुस्तीच्या नोंदींसाठी वह्या देते, त्यातली एक कोरी पडली होती. तक्त्यात मी 'प्रगती' लिहीन, इथे खरं लिहीन.

ठकी माझी मुलगी. सात वर्षांची. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, अंगाला हात लावू देत नाही. डॉक्टर लोक तिला स्वमग्न म्हणतात. ऐकायला काय झकास शब्द आहे, जणू पोरगी झाडाखाली बसून कविता करतेय. प्रत्यक्षात स्वतःचं मनगट चावून चावून तिथे घट्टा पडला आहे. बोलणं शिकवणाऱ्या बाई झाल्या, ठोकळ्यांचे सर झाले, एक गृहस्थ नुसते तिच्या तळपायांना ब्रश घासायचे, तेही झाले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आता हे कोमट पाणी, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी नऊला. त्यासाठी मी दुपारची पाळी मागून घेतली.

मला काय हवंय ते एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून लबाडी नको. बोलली नाही तरी चालेल. शाळेत गेली नाही तरी चालेल. तिने एकदा आपणहून माझ्याजवळ यावं आणि टेकावं. बाकीच्या पोरांचे बाप दारात शिरतात तेव्हा पोरं अंगावर झेप घेतात, बाप म्हणतो, "अरे, कपडे तरी बदलू दे." मला ते वाक्य एकदा म्हणायचं आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

स्विमिंग पूल एका बंद पडलेल्या व्यायामशाळेच्या तळघरात आहे. माझ्या छातीपर्यंत पाणी, कडेला स्टीलचा कठडा, भिंतींना घाम. बाई अंगाने दणकट आहेत आणि ओल्या फरशीवर पाय फाकवून डुलत चालतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव बदकबाई ठेवलं आहे.

उतरण्याआधी दर वेळी एक कागद भरायचा. ताप? सर्दी? जुलाब? जखम? कान दुखणं किंवा वाहणं? प्रत्येकापुढे होय, नाही. एकालाही 'होय' आलं तर त्या दिवशी पाणी नाही. खाली पालकाची सही.

ठकीने पाण्यात पाय बुडताच अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरचा माणूस बघायला खाली आला. माझ्या दंडाचा चावा घेतला. बदकबाई म्हणाल्या, "छान, बाबा. आज पाय भिजले." मी म्हटलं, "मॅडम, रक्त पण आलं." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पाच वेळा झालं. कमरेपर्यंत येते, मग किंचाळते. बाई 'छान' म्हणतात. त्यांच्या तोंडून 'छान' ऐकून ऐकून मला त्या शब्दाची शिसारी आली आहे.

दुपारी कामाला निघालो तर ठकी माझ्या हत्यारांच्या बॅगेवर बसलेली. हे तिचं जुनं खूळ. मी निघायच्या वेळेला बरोब्बर बॅगेवर जाऊन बसते आणि उठत नाही. पूर्वी सकाळच्या पाळीला सकाळी बसायची, आता दुपारी बसते. रोज तिला उचलून बाजूला करा, रोज चावा खा, रोज उशीर. एवढा हट्टीपणा कुठून आला कोण जाणे. माझी बायको म्हणते, "तुमच्याकडूनच."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ठकीला सर्दी झाली आहे. नाक गळतंय. कागदावर 'नाही' लिहिलं. एकदा खंड पडला की पुन्हा पायापासून सुरुवात, असं बाईंनीच सांगितलं होतं. साध्या सर्दीने कुणी मरत नाही. रुमालाने नाक पुसून पाण्यात नेली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

सर्दी गेली, पण तीन दिवस झोप नाही, सारखं डोक्यावर मारून घेणं चालू होतं. न्यावं की नको, असा विचार करत नेली. पाण्यात मी गुडघे वाकवून, खांद्यापर्यंत बुडून तिला समोरून धरलं होतं, नेहमीसारखं, हात लांब करून, चावायच्या तयारीने. तिने दोन-तीनदा मान झटकली. मग पुढे सरकली. आपणहून. आणि माझ्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मी हललो नाही. श्वाससुद्धा बेताने घेत होतो. तिचा गाल आणि कान माझ्या मानेच्या खळग्यात घट्ट, अर्धं डोकं पाण्यात. तिने अंग सैल सोडलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली. बदकबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, एकदाही 'छान' म्हणाल्या नाहीत.

सात वर्षं आणि अकरा मिनिटं. कपडे बदलायच्या खोलीत मी पंच्यात तोंड घालून रडलो.

३ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच. शनिवारी नऊ मिनिटं, आज सतरा. पुन्हा डावाच खांदा. मी मुद्दाम तिला उजवीकडे वळवून पाहिलं, तर तिने मान काढून घेतली आणि परत डावीकडे आली. रिक्षात घरी येताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काळीज डावीकडे असतं. ती माझ्या छातीचे ठोके ऐकते!

बदकबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेलही, बाबा. पाण्याचा दाब सगळीकडून सारखा पडतो, त्यानं मुलं निवांत होतात. पण ठोके म्हणालात ते मला आवडलं." त्यांनी ते आपल्या डायरीत टिपून घेतलं.

१० मार्च, मंगळवार

आज पाण्याबाहेर.

मी घरी खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होतो. ठकी आली, माझ्या मांडीवर चढली आणि डाव्या खांद्यावर डोकं दाबून बसली. चांगली जोरात दाबून. कामावर फोन करायचा तर ठकी दचकेल, म्हणून मी तसाच बसून राहिलो. ही, म्हणजे माझी बायको, पहाटे चारपासून बेकरीत उभी असते, तीनला येते. आज लवकर सुटली होती. दार उघडून आली आणि दारातच थबकली. कोपरापर्यंत मैदा, हातात पिशवी.

"किती वेळ झाला?" तिने ओठांनीच विचारलं.

मी बोटांनी वीस दाखवले. तिने पिशवी खाली ठेवली, समोर जमिनीवर बसली आणि बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडे येईल का हो?"

मी म्हटलं, "येईल, येईल." पण खरं सांगायचं तर मला थोडा माज चढला होता. आज कामाला तासभर उशिरा गेलो. कामावरच्या जोडीदाराने विचारलं, "कुठे उलथला होतास?" म्हटलं, "पोरगी सोडत नव्हती." वा! काय वाक्य आहे!

१४ मार्च, शनिवार

हिच्याशी भांडण.

ही म्हणते, ठकी टोस्ट खात नाही. दुधात पाव बुडवून दिला तर गिळते, चावत नाही. उजव्या बाजूचे केस विंचरू देत नाही. रात्री तीनदा उठून बसते. उशीवर पिवळट डाग पडतो. "एकदा दाखवून आणू या का डॉक्टरांना?"

मी म्हटलं, डाग लाळेचा असेल. केस तर ती कधीच विंचरू देत नव्हती. आणि डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे काय ते तू विसरलीस का? मागच्या वेळी दात बघायला चार माणसांनी तिला टेबलावर दाबून धरलं होतं, त्यानंतर महिनाभर ती माझ्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. आत्ता कुठे माझ्याजवळ यायला लागली आहे. आता चार माणसं बोलावू?

हिने उशीचा अभ्रा काढला. मग म्हणाली, "तुमच्याजवळ येते म्हणून सगळं बरंच आहे असं नाही." मला ते फार लागलं. बाईमाणसाला मत्सर वाटतो, समजू शकतो. पण पोरीच्या बाबतीत?

१७ मार्च, मंगळवार

ठकी मिक्सरच्या आवाजाला कान झाकायची, टेबलाखाली शिरायची. आज शेजारी भिंतीला ड्रिल लावलं होतं, ठकी आपली खिडकीशी शांत बसून. बदकबाईंनी तक्त्यात लिहिलं, 'मोठे आवाज सहन करण्यात लक्षणीय सुधारणा.' लक्षणीय! मी ते हिला दोनदा वाचून दाखवलं.

दुपारी एका आठ मजली इमारतीत गेलो. तिथला रखवालदार म्हणाला, "साहेब, महिनाभर कुरकुर करत होती लिफ्ट, दोन दिवसांपासून आवाजच बंद. आपोआप बरी झाली." मी त्याला चांगला फैलावर घेतला. म्हटलं, बाबा रे, यंत्र आपोआप बरं होत नसतं. कुरकुरणारं बेअरिंग गप्प झालं की समजायचं, आत काहीतरी कायमचं गेलं. उघडून पाहिलं तर तसंच. बावीस वर्षं झाली, नुसत्या आवाजावरून सांगतो मी.

२४ मार्च, मंगळवार

बदकबाईंनी नवीन पालकांची बैठक ठेवली होती. सात-आठ जोडपी. सगळ्यांचे चेहरे आमच्यासारखेच, चुरगळलेले. बाईंनी मला उभं केलं. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, पण आज शब्द सुचले. म्हटलं, माझी मुलगी बोलत नाही, पण माझ्या छातीचे ठोके ऐकते. ती आपल्या पद्धतीने बोलतेच, ऐकायला आपण कमी पडतो. मागे एक जाडजूड गृहस्थ बसले होते, पोलादाच्या दुकानातले, ते ढसाढसा रडले. नंतर माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "दादा, तुम्ही आशा दिलीत."

घरात शिरताना मी शीळ घालत होतो. ही म्हणाली, "तुम्ही बैठकीला होतात तेव्हा तिनं मनगटातून रक्त काढलं." पट्टी बांधलेली होती. मी तक्त्यात लिहिलं: चावणे, एकदा.

२ एप्रिल, गुरुवार

ठकीच्या डोक्याला एक वास येतो. पूलमधल्या औषधाचा असावा. दोनदा शाम्पू लावायला गेलो, तिने हात लावू दिला नाही.

सकाळी ही कामावर गेल्यावर उशीचा अभ्रा मीच धुऊन टाकला. उगाच पुन्हा वाद नको. कागद भरताना 'कान' या शब्दापाशी पेन थांबलं. किती वेळ थांबलं सांगता येत नाही. मागे एक आई उभी होती, ती म्हणाली, "झालं का, दादा?" मी 'नाही'वर खूण केली आणि पेन तिला दिलं.

पाण्यात छत्तीस मिनिटं. आजवरची सगळ्यात जास्त.

७ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा, असं लिहिलं तर ही म्हणेल, आणि आपलं लग्न? तरी लिहितो.

पूलवरून आल्यापासून ठकीने मला सोडलंच नाही. कामाला निघालो तर बॅगेवरही बसली नाही, सरळ माझ्या गळ्यात. मी फोन करून रजा टाकली. दिवसभर ती डाव्या खांद्यावर. मी बसलो तर बसलेली, उठलो तर लटकलेली. ही आज बेकरीत जादा पाळीला, रात्री उशिरा येणार. ठकी जेवली नाही, मीही नाही. मधूनच बारीक कण्हल्यासारखा आवाज काढत होती, मांजरीसारखा. अंग जरा गरम लागत होतं, कोमट पाण्यातून आल्यामुळे असेल. संध्याकाळी माझा खांदा बधिर झाला, पण मी हात बदलला नाही.

तिच्या कानाशी हळूच म्हटलं, "अगं, कपडे तरी बदलू दे."

९ एप्रिल, गुरुवार

इस्पितळ. काल दुपारी ही बेकरीतून आली. ठकी माझ्या खांद्यावर झोपली होती. हिने केस बाजूला केले आणि ओरडली. उजवा कान पुढे आला होता, मागे लाल फुगवटा, सुपारीएवढा. अंग भट्टीसारखं. मी म्हणत होतो, "हळू, जागी होईल." ती जागी होण्यासारखी नव्हतीच.

रात्री ऑपरेशन झालं. अजून शुद्धीवर नाही.

११ एप्रिल, शनिवार

जीव वाचला. एवढं आधी लिहितो.

कानाचे डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत. चांगला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. सर्दीतून कानात पू झाला, पडदा फाटला, आणि फाटलेल्या पडद्यातून आठवड्यात तीन वेळा पूलचं पाणी आत. मग तो पू कानामागच्या हाडात शिरला. हाड खरवडून काढावं लागलं. उजव्या कानाने यापुढे जवळजवळ काही ऐकू येणार नाही. अजून दोन दिवस गेले असते तर मेंदूत गेला असता.

"किती दिवस दुखत होतं तिला?"

मी म्हटलं, "ती बोलत नाही, डॉक्टर."

"हो, ते वाचलं मी. वागण्यात काही बदल?"

मी सांगितलं. जेवण, झोप, ड्रिलचा आवाज. सगळं एकामागून एक सांगत गेलो आणि सांगतानाच मला कळत गेलं. शेवटी म्हटलं, "माझ्याजवळ यायला लागली होती. खांद्यावर डोकं ठेवायची. डाव्या."

त्यांनी उभं राहून स्वतःची मान कलती केली, माझ्या खांद्याच्या दिशेने. "म्हणजे उजवा कान खाली. मानेची ऊब, वर कोमट पाणी." मान सरळ केली. "शेक घेत होती ती. ठणका लागला की आपण नाही का गरम फडकं दाबून धरत, तसं. हुशार आहे मुलगी."

ही माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल, गुरुवार

बदकबाई इस्पितळात आल्या. पहिल्यांदाच तळघराबाहेर, साडीत पाहिल्या, त्यामुळे आधी ओळखलंच नाही. हातात माझे सगळे कागद. सत्तावीस. प्रत्येकावर पाच वेळा 'नाही' आणि खाली माझी सही. मला वाटलं, आता या हे माझ्या तोंडावर फेकणार. तर त्या म्हणाल्या, "बाबा, मीही पाण्यात तीन फुटांवर उभी होते. मी दर वेळी कागदच वाचला."

त्यांनी कागद बाकावर आमच्या मधे ठेवले. नंतर त्यांनी विचारलं, ते पोलादवाले गृहस्थ रोज विचारतात, ठकी कशी आहे, काय सांगू? मी म्हटलं, खरं सांगा. त्या म्हणाल्या, मग ते मुलाला आणायचे बंद होतील. मी म्हटलं, होऊ दे.

जाताना त्या जिन्याकडे वळल्या, लिफ्टकडे नाही. पूल महिनाभर बंद ठेवणार आहेत. त्यांच्यावर राग काढावा असं फार वाटलं, जमलं नाही.

२७ एप्रिल, सोमवार

ठकी घरी. डोक्याला पांढरं बांधलेलं, गालफडं बसलेली. दारातून आत आल्यावर सरळ खिडकीपाशी गेली. मी खुर्चीत बसलो होतो. माझ्या अंगावरून गेली.

ही माझ्याशी कामापुरतं बोलते. "औषध दिलंत का?" "दिलं." आज तिने ठकीला डाव्या बाजूने हाक मारली, मग उजव्या बाजूने. ठकीने दोन्ही वेळा पाहिलं नाही. पूर्वीही पाहत नव्हती. ही तरी पण स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

९ मे, शनिवार

पट्टी निघाली. ठकी टोस्ट खाते, कडाकडा. उजव्या कुशीवर झोपते. डोक्यावर मारून घेणं बंद. ही काल पहिल्यांदा हसली, म्हणाली, "बघा, परत पहिल्यासारखी झाली." बरोबर आहे. अगदी पहिल्यासारखी झाली आहे. मी मांडीवर घ्यायला गेलो तर अंग ताठ करून निसटली.

लिहायला लाज वाटते, पण ही वही खरं लिहायला घेतली होती. गेले चार दिवस ही कामावर गेली की मी रबरी पिशवीत गरम पाणी भरतो आणि डाव्या खांद्यावर धरून बसतो. चांगला तापला की शर्टाची बटणं उघडी टाकून खुर्चीत बसतो, नाडी बांधायचं नाटक करत. काल कातडी लाल झाली. हिने विचारलं, हे काय? म्हटलं, लिफ्टच्या खड्ड्यात गरम पाइप लागला. ठकी फिरकत नाही. दुपारी निघताना मात्र बॅगेवर ठाण मांडून बसली, नेहमीची कटकट. आधीच डोकं फिरलेलं, तिला जरा जोरातच उचलून बाजूला केलं आणि निघालो.

जोडीदार म्हणाला, "पोरगी वाचली ना? मग तोंड कशाला पाडून बसतोस?" खरंच आहे. मी हत्यारांची बॅग उघडली.

१७ मे, रविवार

आज सकाळी ठकी उठली आणि तिने हात उजव्या कानाकडे नेला. एकदा, मग पुन्हा. मग मान कलती केली.

मी चहाचा कप तसाच ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसलो. डावा खांदा पुढे करून. ही ओरडत होती, "अहो, बसलात काय, कान धरतेय ती!" तेव्हा भानावर आलो.

रविवार असूनही कानाचे डॉक्टर घरी आले. मी ठकीला धरलं, हिने पाय धरले, ती चावली, किंचाळली. त्यांनी बॅटरीने नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं. म्हणाले, "काही नाही. खपली सुटतेय, खाज असेल. आत एकदम कोरडं आहे. दुखत नाहीये तिला."

ही मटकन खाली बसली आणि रडायला लागली, डॉक्टरांचे हात धरून. मीही "आभारी आहे, आभारी आहे" म्हणालो, चार-पाच वेळा म्हणालो.

दुखत नाहीये, हे ऐकून मला वाईट वाटलं होतं. हे मी हिला कधीही सांगणार नाही.